यकृताच्या आजारात शरीर स्वतःच झोपेचं औषध तयार करतं का? आणि मग उतारा का देत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून पुढे सिरॉसिस, म्हणजे यकृत कठीण होत जाण्याचा आजार, झालेला. महिनाभर रात्री झोप येत नव्हती म्हणून जवळच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची अर्धी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बरळायला लागले आणि संध्याकाळपर्यंत हाकेला ओ देईनात. तीन दिवस दवाखान्यात काढून आता घरी आलेत. अमोनियाचा रिपोर्ट 'थोडासाच वाढलेला' होता. त्यानंतर तुम्ही वाचलंत की यकृत बिघडलं की शरीरात डायझेपामसारखे गुंगी आणणारे पदार्थ आपोआप साठतात, ते गव्हात आणि बटाट्यातही असतात आणि त्यांवर उतारा म्हणून एक इंजेक्शनही मिळतं. मग ते इंजेक्शन न देता नुसतं जुलाबाचं औषध का देतात, पोळी आणि बटाटा बंद करायचा का, आणि झोपेसाठी पुढे काय द्यायचं?

मी सिरॉसिसचे रुग्ण रोज पाहते, पण तुमच्या वडिलांना पाहिलेलं नाही. त्यांच्या पोटात पाणी आहे का, किडनी कशी आहे, सोडियम-पोटॅशियम किती, यावर बरंच काही ठरतं. त्यामुळे औषधांतले बदल त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. इथे सांगते आहे तो आम्ही हे सगळं कसं ठरवतो, त्यामागचा विचार.

तुमच्या प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न राहून गेला आहे आणि माझ्या मते मुख्य तोच आहे. वडिलांना महिनाभर झोप का येत नव्हती? सिरॉसिसच्या रुग्णाची रात्रीची झोप उडते आणि दिवसा पेपर वाचता वाचता डोळा लागायला लागतो, तेव्हा बऱ्याचदा मेंदूवर परिणाम व्हायला सुरुवात झालेली असते. घरच्यांना वाटतं काळजीमुळे झोप येत नाही. रक्ताचे रिपोर्ट तेवढ्यात फारसे बदललेले नसतात. मग कोणीतरी झोपेची गोळी देतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीतही असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे. आजार आधीच सुरू झाला होता, गोळी त्याच्यावर येऊन पडली.

या अवस्थेला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. आतड्यातून येणारं सगळं रक्त आधी यकृतात जातं. तिथे अमोनियासारखी विषारी द्रव्यं निष्प्रभ होतात आणि मग रक्त उरलेल्या शरीरात जातं. सिरॉसिसमध्ये दोन गोष्टी बिघडतात. यकृताची ताकद कमी होते, आणि यकृत कठीण झाल्यामुळे रक्त आडवाटेच्या शिरांमधून यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे आणि मेंदूकडे जायला लागतं. १८९३ साली रशियात पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये शस्त्रक्रियेने असाच वळसा तयार केला होता. त्या कुत्र्यांना मांस खायला दिलं की ती बेभान व्हायची, अडखळायची, काही बेशुद्ध पडायची. आतड्यातून येणारं काहीतरी मेंदूला बाधतं, हे तेव्हापासून माहीत आहे. ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, यावर मात्र अजूनही काम चालू आहे, आणि तुम्ही वाचलेली गोष्ट त्याच शोधाचा एक भाग आहे.

पहिला आरोपी अमोनिया, आणि तो आजही सुटलेला नाही. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी अमोनिया पकडून त्याचं ग्लुटामाइन करतात. ग्लुटामाइन साठलं की पेशीत पाणी ओढलं जातं, ती फुगते आणि शेजारच्या चेतापेशींचं काम बिघडतं. पण अमोनियाचा आकडा आणि रुग्णाची अवस्था यांचा मेळ बसतोच असं नाही. आकडा बराच वाढलेला असूनही माणूस व्यवस्थित बोलत बसलेला दिसतो आणि थोड्याशा वाढीत दुसरा पुरता गुंगीत जातो. शिवाय रक्त घेताना दंडाला पट्टा घट्ट बांधून मूठ आवळायला लावली किंवा नमुना बर्फात न ठेवता तासभर पडून राहिला, तर आकडा खोटाच वाढतो. म्हणून 'थोडासाच वाढलेला' या शब्दांवरून आजार थोडासाच होता असं समजू नका. आकडा अगदी नॉर्मल आला असता, तर मात्र गुंगीचं दुसरं काही कारण आहे का ते शोधावं लागलं असतं.

हा मेळ बसत नव्हता म्हणूनच संशोधक दुसरीकडे वळले. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. चेतापेशींना शांत करणं हे त्याचं काम, म्हणजे मेंदूचा ब्रेकच म्हणा. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातली औषधं याच गाबाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या गाबा पकडणाऱ्या रेणूवर, एका ठरावीक जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. १९८२ साली शेफर आणि जोन्स यांनी मांडलं की यकृत निकामी झाल्यावर येणारी गुंगी ही हा ब्रेक जास्त दाबला गेल्यामुळे येत असावी. पुढे १९८५ मध्ये फ्लुमाझेनिल हे इंजेक्शन यकृताच्या कोमातल्या रुग्णांना दिल्यावर काही जण थोड्या वेळात जागे झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. फ्लुमाझेनिल बेंझोडायझेपिनला त्याच्या जागेवरून हटवतं. त्यावरून साहजिकच प्रश्न आला की या रुग्णांच्या मेंदूत त्या जागेवर बसलेलं होतं तरी काय?

तुम्ही वाचलेली गोष्ट इथून सुरू होते. प्राण्यांच्या आणि माणसांच्या मेंदूत बेंझोडायझेपिन अगदी सूक्ष्म प्रमाणात सापडलं. ते औषधातून आलं असेल अशी शंका कोणालाही येईल. पण १९८६ साली १९४० पासून जपून ठेवलेल्या मानवी मेंदूच्या नमुन्यांतही तसे पदार्थ आढळल्याचं जाहीर झालं. पहिलं बेंझोडायझेपिन प्रयोगशाळेत तयार झालं १९५५ च्या सुमारास, आणि क्लोरडायझेपॉक्साइड बाजारात आलं १९६० साली. म्हणजे हे पदार्थ निसर्गातही असले पाहिजेत. त्यानंतर गहू आणि बटाट्यात ते मिळाले. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की त्यांचा कच्चा माल आतड्यातले जिवाणूही पुरवतात. १९९१ साली पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत निकामी होऊन दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूचा अभ्यास आला. त्यांतल्या काहींच्या मेंदूत बेंझोडायझेपिनचं प्रमाण निरोगी मेंदूपेक्षा कितीतरी पट जास्त होतं. काहींच्याच, सगळ्यांच्या नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, उताऱ्याच्या प्रश्नात तो पुन्हा लागणार आहे.

शरीर स्वतःही असे रेणू बनवतं. १९८३ मध्ये मेंदूत डायझेपामच्या जागेवर बसणारं एक प्रथिन सापडलं आणि अशा रेणूंना एंडोझेपिन हे नाव पडलं. ते सगळे गुंगीच आणतात असं नाही, काही तर उलटा परिणाम करतात.

आता शंकेची बाजू. सिरॉसिसचा रुग्ण आजारपणात अनेक ठिकाणी फिरतो. कुठे एंडोस्कोपीच्या वेळी मिडाझोलाम दिलेलं असतं, कुठे रात्री ओरडतो म्हणून लोराझेपाम. नोंद असतेच असं नाही. यकृत बिघडलेलं असताना ही औषधं शरीरातून लवकर जात नाहीत. डायझेपाम अर्धं व्हायला सिरॉसिसमध्ये दुपटीहून जास्त वेळ लागतो. तुमच्या वडिलांना दिलेल्या अल्प्राझोलामला निरोगी माणसात सरासरी ११ तास लागतात, दारूने यकृत बिघडलेल्यांत सरासरी २० तासांच्या आसपास, आणि त्यांतल्या काहींना ६० तासांहून जास्त लागल्याची नोंद आहे. तेव्हा एखाद्या रुग्णाच्या रक्तात बेंझोडायझेपिन सापडलं तर ते 'नैसर्गिक' म्हणण्याआधी मी घरच्यांना गोळ्यांची पिशवी आणायला सांगते. पिशवी टेबलावर रिकामी केली की शुगरच्या आणि पित्ताच्या गोळ्यांमध्ये क्लोनाझेपामची अर्धी संपलेली पट्टी निघते. बहुतेक वेळा ती आजी-आजोबांपैकी कोणाची तरी असते, किंवा जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणलेली.

गेल्या २०-२५ वर्षांत या चित्रात आणखी एक दुवा जोडला गेला, आणि मला स्वतःला तो सगळ्यात पटतो. मेंदूच्या पेशी कोलेस्टेरॉलपासून काही स्टेरॉइड बनवतात. त्यांतलं ॲलोप्रेग्नॅनोलोन गाबाचा परिणाम जोरात वाढवतं. माँट्रियलमधल्या रॉजर बटरवर्थ यांच्या गटाला यकृताच्या कोमात दगावलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांच्या मेंदूत हे स्टेरॉइड वाढलेलं आढळलं. अमोनिया वाढला की ॲस्ट्रोसाइटच्या मायटोकॉन्ड्रियावरची (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागावरची) एक यंत्रणा चेतवली जाते, कोलेस्टेरॉल आत ओढलं जातं आणि असे स्टेरॉइड जास्त तयार होतात. म्हणजे अमोनिया खरा की गुंगीची द्रव्यं खरी, हा वाद मुळात वादच राहत नाही. अमोनिया स्वतःच गुंगीचं द्रव्य तयार करवून घेतो. गंमत अशी की हे स्टेरॉइड गाबाच्या रिसेप्टरवर डायझेपामच्या जागी बसत नाही, त्याची जागा वेगळी आहे. त्यामुळे फ्लुमाझेनिल त्याला हटवू शकत नाही.

म्हणजे आतापर्यंतचं एवढंच: तुमच्या वडिलांच्या मेंदूतला ब्रेक बहुधा आधीच थोडा दाबलेला होता. तो दाबणारे हात अनेक आहेत, कोणात अमोनियाचा वाटा मोठा, कोणात स्टेरॉइडचा, कोणात नैसर्गिक किंवा औषधातून आलेल्या बेंझोडायझेपिनचा. अर्ध्या गोळीने उरलेला दाबला.

मग उतारा का देत नाहीत? देऊन पाहिला गेला आहे, आणि नीट मोजूनही. १९९८ साली इटलीतून ५०० हून अधिक रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे गाढ गुंगीत किंवा कोमात गेलेले. फ्लुमाझेनिल दिलेल्यांपैकी साधारण सहा-सातांत एकाची शुद्ध सुधारली, खोटं औषध दिलेल्यांत शंभरात तीन-चार जणांची. म्हणजे परिणाम खरा आहे, पण मोजक्यांना आणि थोडा वेळ. सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर त्याने जीव वाचतात असं दिसत नाही. इंजेक्शनचा अंमल तासाभरात ओसरतो, आणि खाली अमोनिया, जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव तसाच असेल तर रुग्ण पुन्हा गुंगीत जातो. जो माणूस वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या घेतो त्याला या इंजेक्शनने फिट (आकडी) येऊ शकते, हा धोका वेगळाच.

तरी मी ते अजिबात वापरत नाही असं नाही. रुग्णाला बेंझोडायझेपिन दिल्याचं नक्की माहीत असेल, श्वास मंदावलेला असेल आणि जवळ देखरेखीची सोय असेल, तर ते जपून देण्यात अर्थ आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत गोळीचा इतिहास होता, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी त्याचा विचार केलाही असेल आणि श्वास ठीक असल्यामुळे थांबले असतील. गोळीचा अंमल वेळेनुसार उतरतो. तोवर पोट साफ करणं आणि कारण शोधणं हे काम जास्त महत्त्वाचं. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी पोटातलं पाणी सुईने काढून तपासलं का, शौचाचा रंग विचारला का, साखर बघितली का, पोटॅशियम पाहिलं का, हे मी आधी विचारलं असतं. पोटातल्या पाण्याचा जंतुसंसर्ग, आतड्यातला रक्तस्राव, बद्धकोष्ठ, लघवीच्या गोळ्यांनी झालेली शुष्कता आणि कमी झालेलं पोटॅशियम ही नेहमीची कारणं. मधुमेहाच्या माणसात कमी झालेली साखर अगदी अशीच दिसते. पडल्याचा इतिहास असेल तर डोक्याचा सीटी स्कॅनही.

गव्हाचं आणि बटाट्याचं म्हणाल, तर हिशेब करून बघा. त्यांत सापडलेलं प्रमाण ग्रॅममागे नॅनोग्रॅमच्या किंवा त्याहूनही खालच्या घरात आहे. अगदी ग्रॅममागे एक नॅनोग्रॅम धरलं, तरी डायझेपामच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं मिळवायला ५ हजार किलो गहू लागेल. पोळी खुशाल खाऊ द्या. बटाट्याचा विचार करायचा तो मधुमेहासाठी.

खाण्याच्या बाबतीत माझी खरी चिंता वेगळी आहे. 'अमोनिया प्रोटीनमधून होतो' एवढं ऐकून घरचे लोक डाळ, दूध, अंडी सगळं बंद करतात आणि रुग्णाला पेज आणि साबुदाण्यावर ठेवतात. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत असत. २००४ साली बार्सिलोनातल्या एका अभ्यासात एन्सेफॅलोपॅथीचा झटका, म्हणजे तुमच्या वडिलांसारखी गुंगी, आलेल्या रुग्णांना दोन गटांत ठेवलं, एका गटाला प्रथिनं कमी आणि दुसऱ्याला नेहमीइतकी. बरं व्हायला लागणारा वेळ सारखाच होता, पण प्रथिनं कमी केलेल्यांत शरीरातलं प्रथिन जास्त झिजलं. आणि हे झिजणं महाग पडतं, कारण यकृत थकलं की अमोनिया पकडण्याचं बरंचसं काम स्नायू करतात. दंड-मांड्या वाळत गेल्या की पुढचा झटका लवकर येतो. आज आम्ही वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्या असं सांगतो. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वरण, मूग, दही, ताक, पनीर, अंडी यांतून ते भरायचं. दूध आणि डाळींमधलं प्रथिन मांसापेक्षा बरं सोसतं. दोन खाण्यांत फार अंतर नको आणि रात्री उपाशी झोपवायचं नाही. झोपण्यापूर्वी वाटीभर मुगाची खिचडी किंवा दूध-पोळी, साखरेचं गणित डॉक्टरांना विचारून. पोटात पाणी असेल तर पापड-लोणचं बंद. उपवास तर बंदच, हे वडीलधाऱ्यांना पटवायला मला फार बोलावं लागतं, पण ते मी दर वेळी बोलते.

आता 'नुसतं जुलाबाचं औषध'. लॅक्ट्युलोज १९६६ पासून या आजारात वापरात आहे. ते आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्या आम्लात अमोनियाचं असं रूप होतं जे रक्तात सहज शोषलं जात नाही आणि शौचावाटे निघून जातं. जिवाणूंची वस्तीही बदलते. तुमच्या गुंगीच्या द्रव्यांचा कच्चा माल आतड्यातून येत असेल, तर तोही याच वाटेने कमी होतो. म्हणून मी म्हणते की उताऱ्यापेक्षा हे औषध त्या प्रश्नाच्या जास्त मुळाशी जातं. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातल्या २००९ च्या अभ्यासात एकदा झटका येऊन बरे झालेल्यांपैकी लॅक्ट्युलोज घेणाऱ्या सुमारे २० टक्के लोकांना पुन्हा झटका आला, न घेणाऱ्यांत सुमारे ४७ टक्के लोकांना.

लॅक्ट्युलोजच्या बाबतीत बहुतेक घरांत एकच गोष्ट चुकते. बाटलीवर किंवा चिठ्ठीवर लिहिलेल्या चमच्यांकडे लक्ष जातं, शौचाकडे नाही. मोजायचं ते शौच. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौचाला झालं पाहिजे. एकदाच झालं तर डोस वाढवायचा, पाच-सहा वेळा पाण्यासारखं झालं तर कमी करायचा, कारण जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम गेलं तर तेच पुढच्या झटक्याला कारण होतं. मी घरच्यांना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत रेघा मारायला सांगते, एका शौचाला एक रेघ. फोनवर 'बाबा आज जरा गप्प आहेत' असं कळलं की मी आधी विचारते, कालच्या चौकटीत किती रेघा आहेत? चव गोडमिट्ट लागते आणि पोटात गॅस होतो म्हणून बरेच जण महिन्याभरात गुपचूप बंद करतात. ताकात किंवा पाण्यात मिसळून द्या, पण बंद करू नका.

लॅक्ट्युलोज घेऊनही पुन्हा झटका आला तर रिफॅक्सिमिन जोडतात, ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते आतड्यातच राहून काम करतं. २०१० च्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांत झटका येण्याचं प्रमाण त्याने साधारण ४६ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणलं, आणि त्यातले बहुतेक रुग्ण सोबत लॅक्ट्युलोज घेतच होते. महाग आहे, पण दवाखान्यातल्या एका मुक्कामापेक्षा स्वस्त. मेंदूतल्या त्या स्टेरॉइडला अडवणाऱ्या गोलेक्सॅनोलोन नावाच्या औषधाच्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण ते रोजच्या उपचारात आलेलं नाही.

झोपेचं काय करायचं? आधी वर म्हटलं तसं, झोप उडणं हे लक्षण समजून लॅक्ट्युलोजचा डोस नीट बसवायचा. बऱ्याच जणांची रात्र त्यानेच सुधारते. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंगणात किंवा गॅलरीत उजेडात बसवा. सिरॉसिसमध्ये झोपेच्या संप्रेरकाची वेळ पुढे सरकते आणि सकाळचा उजेड ती मागे आणायला मदत करतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का विचारा, रात्री चार वेळा उठणारा माणूस झोपणार कसा? खाज किंवा पायात गोळे येत असतील तर ते सांगा, त्यांवर वेगळे उपाय आहेत.

झोपेची गोळी कधीच नाही का? इथे 'अवलंबून आहे' म्हणावं लागतं. दारू अचानक सुटल्यामुळे थरथर आणि भास होत असतील, तर ती अवस्था स्वतःच जीवघेणी असू शकते आणि तिथे लोराझेपामसारखं औषध, दवाखान्यात आणि मोजून, द्यावंच लागतं. अनेक वर्षं अल्प्राझोलाम घेणाऱ्याचं ते एका रात्रीत तोडलं तर फिट येऊ शकते, ते हळूहळू उतरवावं लागतं. एंडोस्कोपी पुन्हा करायची असेल तर 'यांना झोपेच्या अर्ध्या गोळीने झटका आला होता' हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, ते मिडाझोलामऐवजी लवकर उतरणारं प्रोपोफोल किंवा नुसता घशात स्प्रे यांचा विचार करतील. यापलीकडे घरच्या घरी झोपेसाठी बेंझोडायझेपिन नको. झोप आणणारी खोकल्याची आणि सर्दीची औषधं, ॲलर्जीचं झोप आणणारं इंजेक्शन, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, हीही त्याच यादीत. 'झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय' म्हणून अश्वगंधाही देऊ नका, तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झालेल्या आहेत.

घरी लक्ष कसं ठेवायचं ते सांगते. रोज तब्येत विचारून काही कळत नाही, 'बरं आहे' हेच उत्तर येतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, कागदावर तारीख घालून सही करायला आणि पाच टोकांची चांदणी काढायला सांगा. कागद टाकून देऊ नका, मागच्या आठवड्याच्या शेजारी ठेवा. चांदणीची टोकं जुळेनाशी होतात, सही खाली घसरायला लागते, हे बोलण्यातला फरक जाणवण्याच्या आधी दिसतं. एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावं घ्यायला सांगा. पंधरा किंवा जास्त आली तर चांगलं, दहाच्या खाली आली तर डॉक्टरांना कळवा. मग दोन्ही हात समोर ताठ करून, पंजे मागे वाकवून, बोटं फाकवून अर्धा मिनिट धरायला सांगा. पंजा मधूनच क्षणभर सैल पडून पुन्हा वर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उठवूनही नीट जागे होत नसतील, ताप किंवा पोटदुखी असेल, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं असेल तर थांबायचं नाही. आणि गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात लॅक्ट्युलोज ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दवाखान्यात ते नळीने किंवा एनिमाने देतात.

तूर्त त्यांनी स्कूटर चालवू नये. निर्णय घ्यायला लागणारा वेळ या आजारात वाढतो आणि त्याची जाणीव रुग्णाला स्वतःला नसते. दोन-तीन महिने झटका आला नाही आणि चाचण्या चांगल्या आल्या, तर डॉक्टरांशी बोलून पुन्हा ठरवता येईल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. उघड झटका येणं म्हणजे सिरॉसिस पुढच्या टप्प्यावर गेल्याची खूण. यकृत प्रत्यारोपणाचा क्रम ठरवताना वापरतात त्या मेल्ड गुणांत एन्सेफॅलोपॅथी मोजली जात नाही, त्यामुळे 'गुण कमी आहेत, घाई नाही' असं ऐकायला मिळू शकतं. तरी प्रत्यारोपण करणाऱ्या तज्ज्ञांना एकदा दाखवून ठेवा. आपल्याकडे मृत दात्याच्या अवयवासाठीची नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत विभागीय समन्वय केंद्राकडे होते, मुंबई, पुणे आणि नागपूरला अशी केंद्रं आहेत. जाताना डिस्चार्ज कार्ड, अमोनियासकट सगळे रिपोर्ट, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि ते सह्यांचे कागद बरोबर घ्या. सीटी स्कॅन झाला असेल तर त्याची सीडीही न्या, कारण यकृताला वळसा घालणारी एखादी मोठी शीर त्यात दिसत असेल आणि यकृताची ताकद बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर ती बंद करून झटके थांबवण्याचा मार्ग काही रुग्णांत खुला असतो. तुमच्या वडिलांत तसं आहे का, ते त्या स्कॅनवरूनच कळेल.